भूतत्त्वाच्या पात्रांना नावं कशी घडवायची? (फँटसी रोलप्लेइंग)

कडेकपारी

नव्या कॅम्पेनसाठी (अनेक सत्रं चालणाऱ्या कथेसाठी) भूतत्त्वाची, म्हणजे पृथ्वी या तत्त्वाची, चार पात्रं हवी आहेत:

१) डोंगरातल्या खिंडीचा राखणदार. बेसाल्टचा, फार जुना, बोलतो कमी.
२) दलदलीतला चिखलजीव. संथ, पण दुष्ट नाही.
३) गारगोटीच्या स्फटिकांचा हेर. चपळ, कडा धारदार.
४) एका खेळाडूचं पात्र. माणूसच, पण रक्तात भूतत्त्व. शहरात वाढलेला.

नियम डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. खेळ मराठीतून चालतो, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) मात्र रोमन लिपीत भरावं लागतं. आत्तापर्यंतची यादी अशी: भूरक्ष, पाषाणो, धरणीधर, ग्रॅनाइटस, टेराक. यातलं एकही नाव जिवंत वाटत नाही. नुसती नावं सुचवण्यापेक्षा ती घडवायची कशी हे कळलं तर जास्त उपयोग होईल.

फासेकर

यादीतल्या पाचही नावांचा दोष एकच आहे. ती पात्र कशाचं आहे हे सांगतात आणि तिथेच थांबतात. 'पाषाणो' म्हणजे 'दगड्या'. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वर्णन केलंय, समोर दगडाचा देह उभा आहे, आणि नाव पुन्हा तेच सांगतंय.

'भू'ने सुरुवात तर टाळाच. मराठी कानाला 'भू' म्हटलं की एक तर शाळेतला भूगोल आठवतो, नाही तर भूत. वसुंधरा, अवनी, उर्वी, मेदिनी हे पृथ्वीचे सुंदर पर्याय आहेत, पण ती मुलींची रोजच्या वापरातली नावं झाली आहेत. 'अवनीने तटबंदी फोडली' ऐकल्यावर टेबलावर कुणाच्याही डोळ्यांसमोर दहा फुटी कातळ उभा राहणार नाही. दगडू, धोंडिबा यांचंही तेच, ती खऱ्या माणसांची नावं आहेत.

थरावरथर

आधी कुठली माती, कुठला खडक, ते ठरवा. 'पृथ्वी' हे फार मोठं पोतं आहे. मराठीत यासाठी शब्दांची कमी अजिबात नाही: कातळ, मुरूम, जांभा, गारगोटी, चुनखडी, अभ्रक, शंखजिरे, गेरू, पोयटा, चोपण, गाळ, रेव, दरड, कपार, घळ. यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि नाव त्या स्वभावातून निघालं पाहिजे.

स्वभाव ठरवायला तीन प्रश्न पुरतात.

तो तयार कसा झाला? अग्निज खडक (बेसाल्ट, ग्रॅनाइट) वितळलेल्या रसातून थिजलेला असतो, गाळाचा खडक (वालुकाश्म, चुनखडी) थरावर थर साचून बनतो, रूपांतरित खडक (संगमरवर, नाइस) दाब आणि उष्णतेनं बदललेला असतो. थिजलेल्याचं नाव एका घावात संपावं. साचलेल्याच्या नावात आवृत्ती चालते. रूपांतरिताला दोन नावं शोभतात, आधीचं आणि नंतरचं.

किती कठीण? फ्रीडरिश मोस याची १८१२ची कठीणता-श्रेणी इथे थेट उपयोगी पडते. शंखजिरे १, कॅल्साइट ३, गारगोटी ७, हिरा १०. शंखजिऱ्यावर नखानं ओरखडा उठतो, गारगोटी काच कापते. १ ते ३ वाल्यांना म, ल, व, य. ७च्या वर क, ट, च, ख.

फुटतो कसा? याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. अभ्रकाचे पापुद्रे निघतात. गारगोटी ठरावीक पातळीवर दुभंगत नाही, शिंपल्यासारखी वळणदार खपली निघते आणि कडा धारदार राहते. बेसाल्टचा रस थंड होताना आकसतो आणि त्याचे उभे, बरेचदा षटकोनी खांब बनतात. तुमच्या राखणदाराला 'खांब' ही प्रतिमा आयती मिळाली आहे. काळा अधिक खांब यातून मी 'काळंभ' करेन.

लघुगुरू

थरावरथर यांनी व्यंजनांचं जे वाटप केलं त्याला आधार आहे. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९मध्ये गोल आणि टोकदार आकृत्यांना निरर्थक शब्द जोडून पाहिले होते. 'टाकेटे' लोकांना टोकदार वाटलं. २००१मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच प्रयोग 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी पुढे नेला. एडवर्ड सपीरनंही १९२९मध्येच दाखवलं की 'मल' आणि 'मिल' यांत 'आ'सारख्या स्वराचा शब्द लोकांना मोठ्या वस्तूचा वाटतो. म्हणून चिखलजीवाला ब, म, ल आणि ओ, उ. हेराला च, क, ट आणि इ, ए. राखणदाराला आ.

मराठीत यापलीकडचं एक साधन आहे, ते म्हणजे मूर्धन्य वर्ण: ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ. जीभ मागे वळते आणि आवाज घट्ट होतो. खडक, कडा, दरड, धोंडा, ढेकूळ, कातळ, शिळा, यातल्या प्रत्येक शब्दात एक तरी आहेच. पण प्रमाण सांभाळा. नावात एक मूर्धन्य पुरे, दोन म्हणजे कळस. 'ढडंठोळ' कुणी दुसऱ्यांदा उच्चारणार नाही. 'ढ' आणखी जपून, कारण वर्गातल्या मठ्ठ मुलाला आपण 'ढ' म्हणतो आणि तो वास नावाला चिकटतो. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. त्यामुळे 'ळोम' किंवा 'णार' परग्रहावरचे वाटतात, जमिनीतले नाही. ते मधे किंवा शेवटी ठेवा.

आता वजन. जड नाव म्हणजे लांब नाव नव्हे. वजन गुरू अक्षरांत असतं. 'खडक' लिहिताना तीन लघु, म्हणजे न-गण, आणि बोलताना शेवटचा अ गळून 'ख-डक' एवढंच उरतं. ते गडगडत येणाऱ्या धोंड्याला ठीक, उभ्या डोंगराला नाही. 'काळंभ' मध्ये का गुरू, ळं गुरू, भ लघु. चांगलं आहे, पण शेवट निसटतो. मराठी बोलण्यात शब्दाच्या टोकाचा महाप्राण झिजतो. 'दूध'चं 'दूद' होतं तसं 'काळंभ'चं 'काळंब' होईल आणि कळंबाचं झाड ऐकू येईल. त्याला 'काळंभा' करा. भ पुढे स्वर आला की महाप्राण टिकतो, आणि गुरू-गुरू-गुरू असा म-गणही साधतो. आठ गणांत सगळ्यात जड तोच.

कोळसेबंदर

एक शंका. अशा पद्धतीनं केलेली नावं बुटक्यांसारखी (ड्वार्फ) वाटत नाहीत का? आमच्या टेबलावर दगडाशी संबंधित सगळ्यांची नावं एकाच साच्यातली होतात.

फासेकर

होतात, आणि त्याला नियमपुस्तकाचाही हातभार आहे. डी अँड डीत भूजीवांची (भूतत्त्वाच्या जीवांची) भाषा टेरन ही प्रायमॉर्डियल या तत्त्वजीवांच्या भाषेची बोली आहे आणि प्रायमॉर्डियलची लिपी बुटक्यांची. त्यामुळे लोक नावंही तिथूनच उचलतात.

फरक असा ठेवा. बुटका दगड घडवतो, भूजीव दगड असतो. बुटक्याच्या नावात बाप, कुळ, हत्यार, कसब येतं. भूजीवाला बाप नाही, कुळ नाही, हत्यार तर नाहीच. त्याच्याकडे असते जागा, थर आणि घडलेली गोष्ट: दरड कोसळली, भेग पडली, पाणी मुरलं. म्हणून 'अमक्याचा पुत्र', 'तमका-हातोडा' असली पदं भूजीवाला देऊ नका. 'सातव्या थराखालचा', 'भेगेच्या अलीकडचा' अशी द्या.

नियमांतही हा भेद आहे. पाचव्या आवृत्तीतला भूजीव मातीतून, दगडातून मागमूस न ठेवता सरकतो, पण तो दगड न घडवलेला आणि जादू नसलेला हवा. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्यानं चार तत्त्वांचे जीव मांडले तेव्हाही त्याचे भूजीव घट्ट जमिनीतून आपण हवेतून चालावं तसे जातात. मग नावाचं मूळही न घडवलेल्या दगडाचंच असावं. चिरा, पाटा, वरवंटा, जातं, उखळ, पायरी हे सगळे माणसाच्या हाताखालून गेलेले दगड. हे शब्द गोलेमसाठी (जादूनं चालणाऱ्या पुतळ्यासाठी) किंवा मांत्रिकानं बांधून ठेवलेल्या भूजीवासाठी राखून ठेवा. 'उखळ' नावाचा भूजीव समोर आला की तो कुणाचा तरी गुलाम आहे हे खेळाडूंना न सांगता कळेल.

आणखी एक. २०१४च्या आवृत्तीत भूजीवाला 'थंडर' (गडगडाट) प्रकारच्या माऱ्यानं दुप्पट नुकसान होतं. म्हणून नावात 'गडगड', 'कडाड' नको, तो त्याच्या मृत्यूचा आवाज आहे.

उभयान्वयी

सगळ्यांनी नाव एकटं ठेवून तपासलंय. खेळात ते एकटं येत नाही, विभक्तीसह येतं. मराठीत इथेच सर्वांत जास्त घोळ होतो.

समजा नाव 'कातळ' ठेवलं. 'कातळाने वाट अडवली' हा निसर्ग आहे की पात्र? व्यक्तिनाम म्हणून 'कातळने' म्हणता येतं, पण बोलण्याच्या ओघात तोंडातून 'कातळाने'च येणार. दर तिसऱ्या वाक्याला खुलासा करावा लागेल. चालू सामान्यनाम जसंच्या तसं नाव म्हणून घेऊ नका, निदान एक वर्ण बदला.

आकारान्त नावाचं सामान्यरूप बदलायचं की नाही हेही आधीच ठरवा. 'काळंभाने' म्हणायचं की 'काळंभ्याने'? 'काळंभ्या' झाला की तो घरगडी वाटायला लागतो. शीटवर एक ओळ लिहून ठेवा: रूप बदलत नाही, काळंभाने, काळंभाला, काळंभाचा.

मग लिंग. मराठी क्रियापद लिंग मागतंच, 'आला, आली, आलं' यातून सुटका नाही. भूजीवाला लिंग नसेल तर नपुंसकलिंग वापरा, आपल्याकडे ते तयार आहे. फक्त नावाच्या शेवटानं गोंधळ होऊ देऊ नका. ईकारान्त नाव ऐकलं की तोंडातून 'आली' जातंच. आ असेल तर बहुधा 'आला'. व्यंजनाच्या ध्वनीवर संपणारं नाव तिन्ही लिंगांत खपतं. ऊकारान्त नपुंसक आणखी वेगळं: वासरू, कोकरू, पिल्लू, पाखरू, सगळी लहानगी. भूजीवाचं पिल्लू हवं असेल तर 'गोटरू', 'खडकरू' यांना तोड नाही. पण मोठ्या शत्रूला असा शेवट दिला तर खेळाडू त्याच्याशी लढणार नाहीत, त्याला पाळतील.

फासेकर

ऐन खेळात नाव लागलं तर म्हणून दोन सहा-बाजूंच्या फाशांचा तक्ता देतो.

पहिला फासा (मूळ): १ काळ, २ गाळ, ३ खड, ४ भुर, ५ अश्म, ६ चिर
दुसरा फासा (शेवट): १ -ंभा, २ -ोर, ३ -ुंब, ४ -ेख, ५ -ाट, ६ -वण

छत्तीस जोड्या होतात, पण सगळ्या वापरू नका. 'काळवण' पटकन म्हटलं की 'कालवण' होतं. 'भुराट' मध्ये भुरटा चोर दिसतो. 'काळेख' हे 'काळोख' असंच ऐकू येणार, ते गुहेतल्या जीवालाच द्या. 'काळंभा' आणि 'काळुंब' एका मोहिमेत नकोत, तसंच एकाच मूळाची दोन नावं एका लढाईत नकोत. इनिशिएटिव्हच्या (लढाईतल्या पाळीच्या) यादीत पहिलं अक्षर वेगळं असलं की अर्धा गोंधळ कमी होतो.

चिखलजीवाला 'गाळुंब' घ्या: ग, ळ, म्, ब, सगळे घोषवर्ण, कुठे टोक नाही. हेराला 'चिरेख'. दगडाचा चिरा डोक्यात आहे.

थरावरथर

'चिरा' नको, तो घडवलेला दगड. तुमचाच नियम मोडतोय. मूळ 'चीर' धरा, म्हणजे भेग. गारगोटीच्या शिरा खडकाच्या भेगांतूनच भरतात, तेव्हा अर्थ नेमका बसतो आणि हेर भेगेतून येतो हेही जुळतं.

लघुगुरू

आणि टोकाचा 'ख' झिजणारच आहे, तर आपणच 'चिरेक' करा. नुसता 'क' जास्त धारदार तुटतो. 'स्फ'ने सुरू होणारी स्फटिकाची नावं लिहायला छान दिसतात, पण घाईत 'इस्फ' होतं. जोडाक्षर मधे चालेल, सुरुवातीला नको.

गंधवती

संस्कृतला सगळ्यांनी फारच लवकर बाजूला टाकलंय, मला ते पटत नाही. अवनी-वसुंधरा घिसीपिटी झाली म्हणून कोश संपत नाही. ग्रावा (सोमरस काढायचा दगड), लोष्ट (ढेकूळ), सिकता (वाळू), पांसु (धूळ), कर्दम (चिखल), उपल आणि दृषद् (दगड), हे शब्द रोजच्या नावांत येत नाहीत आणि उच्चारायला जड आहेत. 'कर्दम' तर चिखलजीवाला 'गाळुंब'पेक्षा भारदस्त आहे.

शिवाय न्यायदर्शनात पृथ्वीचं लक्षण कठीणपणा नाही, गंध आहे. गंध ज्यात असतो ती पृथ्वी. इथे सगळे दगडाच्या आवाजामागे लागलेत. वासावरून नाव दिलं तर पात्राला एक वेगळं अंग मिळतं. ओल्या मातीच्या वासाचा जीव, गंधकाच्या वासाचा, चुन्याच्या वासाचा. जीव दिसण्याआधी वास येतो आणि नाव तिथूनच पडलेलं असतं.

फासेकर

गंधाचा मुद्दा फार चांगला आहे, दलदलीला तर चपखल. 'कर्दम'बद्दल मात्र मतभेद. ते पुराणातल्या ऋषीचं नाव आहे. ज्यांना माहीत आहे ते खेळाडू कपिलमुनींशी नातं जोडायला जातील आणि कथा नको तिकडे वळेल. 'ग्रावा' हासुद्धा हाताळलेलाच दगड. 'लोष्ट' आणि 'उपल' मात्र मोकळे आहेत.

गंधवती

कर्दमाचं मान्य. पण संस्कृत सरसकट पुस्तकी वाटतं हे मान्य नाही. टेबलावर ते कोण बोलतंय यावर आहे. हजारो वर्षांच्या राखणदाराच्या पूर्ण नावात एखादं संस्कृत पद आलं तर त्याचं वय ऐकू येतं.

थरावरथर

त्यावरून आठवलं, पूर्ण नाव आणि हाकेचं नाव वेगळं ठेवा. पूर्ण नाव थरांसारखं रचा: सर्वांत खाली जन्माची जागा, त्यावर मोठी घटना, वर हाकेचं नाव. 'उपल-दरड-काळंभा'. टेबलावर फक्त 'काळंभा'. पूर्ण नाव फक्त आवाहनाला लागतं. खेळाडूंना त्यातला एकेक थर शोधायला लावा, तीन पदांपुढे जाऊ नका. चौथं पद कुणाच्याच लक्षात राहत नाही.

लेव्हलबरोबर वाढणाऱ्या भूजीवासाठी रूपांतराचा क्रम घ्या. दाब आणि उष्णता वाढत गेली की शेलची स्लेट होते, मग फिलाइट, शिस्ट आणि शेवटी नाइस. नावही तसंच घट्ट करत न्यायचं: पहिल्या लेव्हलला 'ओलम', पाचव्याला 'ओळम', अकराव्याला 'ओडम', सतराव्याला 'ओट्टम'. सांगाडा तोच राहतो, मधला वर्ण तेवढा कठीण होतो. ल, ळ, ड, ट्ट. खेळाडूंना ओळख पटते आणि बदलही जाणवतो. पाचव्या आवृत्तीचे टप्पे १, ५, ११, १७ याच लेव्हलना बदलतात, त्यामुळे मधेच नाव बदलायची वेळ येत नाही.

कोळसेबंदर

'ओलम-ओळम' शीटवर एकच होणार. रोमन लिपीत ल आणि ळ, ट आणि त, ण आणि न यांना एकेकच अक्षर. मूर्धन्यावर उभं केलेलं सगळं वजन तिथे सपाट होतं.

उभयान्वयी

होय. म्हणून प्रत्येक नाव दोनदा तपासा. रोमनमध्ये लिहा आणि ज्यानं ते ऐकलेलं नाही त्याला वाचायला द्या. त्याच्या तोंडून जे येईल तेवढंच नाव लिपीत टिकतं. 'काळंभा'चं 'कालंभा' झालं तरी तीन गुरू शाबूत आहेत, म्हणजे ते टिकलं. 'चिरेक'ला काहीच होत नाही. 'गाळुंब'चं 'गलुंब' होऊ शकतं, त्याला पहिल्या आ साठी दोन अक्षरं द्या. जे नाव फक्त ळ आणि ल यांच्या फरकावर उभं आहे ते रोमन शीटवर टाकू नका. 'ओलम'च्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यावर स्वरही बदला, 'आळम' करा.

देवनागरीत नाव टाकता आलं तरी आधी एक चाचणी घ्या. काही व्हर्च्युअल टेबलटॉपच्या (ऑनलाइन खेळायच्या पटाच्या) नकाशावरच्या टोकन-पाटीत जोडाक्षरं फुटून हलन्तासह दिसतात. 'अश्मोर'चा श् सुटा पडतो. टोकनवर जोडाक्षर नसलेलं हाकेचं नाव ठेवा.

कडेकपारी

खूप काही मिळालं. राखणदार: उपल-दरड-काळंभा, नपुंसकलिंगी क्रियापद, रूप न बदलता. चिखलजीव: गाळुंब, आणि तो येण्याआधी कुजक्या पाल्याचा ओलसर वास. हेर: चिरेक. राहिला तो चौथा, माणूस. भूजीवांची पद्धत त्याला लावली तर तो माणूस राहत नाही, आणि साधं नाव दिलं तर रक्तातली माती दिसत नाही.

लघुगुरू

त्याला नवं नाव घडवू नका. माणसाचं चालू नाव घ्या आणि त्यातला एकच दन्त्य वर्ण मूर्धन्य करा. 'रोहन' घ्या, 'रोहण' करा. संस्कृत काव्यात रोहण हा रत्नांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेला पर्वत आहे, म्हणजे अर्थ आतच पडलेला आहे.

उभयान्वयी

आणि इथे रोमन लिपीची अडचण कामाला येते. शीटवर न आणि ण एकच. शहरातली माणसं त्याला 'रोहन' म्हणतील, शीट वाचणारे खेळाडूही तेच म्हणतील. पहिल्यांदा 'रोहण' अशी हाक काळंभा मारेल, खिंडीत. तोपर्यंत डीएमनं ण उच्चारायचा नाही आणि त्या खेळाडूलाही तसं सांगून ठेवायचं. सामान्यरूप दोन्हीकडे सारखंच, रोहनला, रोहणला, त्यामुळे वाक्य कुठे अडणार नाही.

कडेकपारी

हे घेतलं. खिंडीचा प्रसंग तिसऱ्या सत्रात आहे, तोवर शीटवर 'रोहन'च राहील.